सगळे आवाज एका घशातून

ऑल्टरवालीचा आवाज भसाडा होता, आणि हे तिला शाळेतच, अख्ख्या वर्गासमोर सांगण्यात आलं होतं. स्नेहसंमेलनाच्या तालमीत गाण्याच्या बाईंनी तिला शेवटच्या रांगेत नेऊन उभं केलं आणि हळूच म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव हं, आवाज नको." हळूच म्हणजे वर्गाला ऐकू जाईल इतकंच हळू. बाई वाईट नव्हत्या, त्यांना कार्यक्रम पार पाडायचा होता. पण पोरीने ते असं मनाला लावून घेतलं की पुढे चाळिशी उलटली तरी ती ओठच हलवत होती. गिऱ्हाईक काउंटरवर ओणवं होऊन विचारायचं, "काय म्हणालात?" आणि ती उत्तर न देता खडूने पँटवर रेघ ओढून दाखवायची. तिचा नवरा कुरिअरची गाडी चालवायचा. तो मित्रांना सांगायचा, "आमच्यात भांडण होत नाही. समोरच्या पार्टीचं ऐकूच येत नाही."

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीला मशीन, भिंतीला आरसा, खुंट्यांवर लोकांच्या पँटी. लांबी कमी करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं, कोटाचं अस्तर बदलणं ही तिची कामं, म्हणून ती ऑल्टरवाली. माणसं जाड होतात, बारीक होतात, आणि दोष मात्र कपड्याला देतात, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. पण ती बोलून दाखवायची नाही. टाका मात्र असा घालायची की उसवलेलं कुठे होतं ते धुंडाळूनही सापडू नये.

मागच्या खोलीत तिच्या सासूबाई होत्या. त्यांचं कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान होतं, आणि इस्त्री हा तिथला जोडधंदा होता असं म्हटलं तरी चालेल. मुख्य धंदा गप्पांचा. कुणाचा शर्ट आठवडाभर आला नाही, कुणाच्या घरी अचानक चादरी वाढल्या, यावरून त्या गल्लीतल्या बातम्या ताडायच्या, आणि बहुतेक वेळा बरोबर ताडायच्या. मग डोळे गेले. आधी एक, मग दुसरा. दुकान बंद झालं, बातम्या बंद झाल्या, आणि दिवसभर तोंड चालवणारी ती बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. ताट पुढे केलं तर दोन घास खायच्या आणि म्हणायच्या, "बास."

ऑल्टरवालीचा जीव तुटायचा. पण जिला स्वतःलाच बोलता येत नाही ती दुसऱ्याला काय बोलतं करणार?

तिचं बोलणं सगळं फोनमध्ये चालायचं. शिवणकाम करणाऱ्यांचा एक ग्रुप होता, गावोगावचे आणि देशोदेशीचे लोक, कुणी कुणाला पाहिलेलं नाही. तिथे ती होती 'सुई'. आणि ही सुई भलतीच तिखट होती. मखमलीला कोणता दोरा लावावा इथपासून गिऱ्हाइकाला न दुखावता 'तुमचं पोट सुटलंय' कसं सांगावं इथपर्यंत सगळ्यावर तिचं मत असायचं, आणि लोक ते वाचायला थांबलेले असायचे. ग्रुप चालवणारी 'कात्री'. तिचा नियम एकच आणि कडक: इथे फक्त लिहायचं, आवाज पाठवायचा नाही. बटणांच्या एका व्यापाऱ्याने जाहिरातीचं रेकॉर्डिंग टाकलं, त्याला तिने तिथल्या तिथे उडवला. ऑल्टरवालीने मनातल्या मनात कात्रीला हात जोडले. हा नियम नसता तर ती त्या ग्रुपात एक दिवस टिकली नसती.

एका संध्याकाळी दुकान बंद करून ती सासूबाईंच्या पायाशी बसली होती. ग्रुपवरचं काहीतरी वाचून तिला हसू फुटलं.

"कशाला हसतेस?" भिंतीकडून आवाज आला.

तिने वाचून दाखवलं. खालच्या आवाजात, सपाट, बँकेची नोटीस वाचावी तसं.

"हे सगळे एकाच तोंडाने बोलतात होय?" सासूबाई म्हणाल्या. "कोण काय म्हणालं काही कळेना."

बिचाऱ्यांचं म्हणणं रास्त होतं. तेव्हा निव्वळ सोय म्हणून, दुसरा काही विचार मनात नसताना, तिने 'काजवाल्या'चं वाक्य जरा जाड आवाजात वाचलं. हा काजवाला कुठल्यातरी शहरात फक्त काज करायचा, दुसरं काही नाही. लिहायचा तुटक. दोन शब्द, टिंब. दोन शब्द, टिंब. तिच्या भसाड्या घशातून असा काही दणदणीत, खोल, प्रत्येक शब्दाआधी श्वास घेणारा पुरुष बाहेर पडला की ती स्वतःच दचकली. सासूबाईंनी भिंतीकडचं तोंड फिरवलं.

"हा कोण?"

"काजवाला."

"मिशा असतील याला. पुढे वाच."

झालं, तिथून सुरुवात झाली. एकेकाचा आवाज तिला सापडत गेला. 'तंबू' मंडप आणि ताडपत्र्या शिवायचा आणि स्वल्पविराम म्हणजे काय ते त्याच्या गावी नव्हतं. त्याला तिने धापा टाकत, शब्दांच्या शेपट्या गिळत पळणारा आवाज दिला. 'लेस' नवऱ्यामुलींचे झगे शिवायची आणि 'होऽऽऽ' असं लांबलचक लिहायची. तिचा आवाज गात गात यायचा आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी वर चढून बसायचा. कात्रीचं लिहिणं म्हणजे एका वेलांटीचीही चूक नाही. तिला मुख्याध्यापिकेचा आवाज, एकेक अक्षर सुटं, इस्त्री केलेलं. आणि सुई? सुईचं स्वतःचं लिहिलेलं वाचताना ऑल्टरवाली मधाळ, बारीक, रेडिओवर शोभेल असा आवाज काढायची. आपण खोटं बोलतोय असं तिला वाटलं नाही. हे सगळे आवाज तिने मनानेच ठरवलेले होते, मग आपल्यालाच तेवढा खरा कशाला?

सासूबाईंना नवी गल्ली मिळाली. त्या उठून बसायला लागल्या. तंबूचं मागच्या आठवड्यात भावाशी वाजलं होतं, ते मिटलं का, असं जेवतानाच विचारायला लागल्या, आणि विचारण्याच्या नादात भात संपायचा. लेसला कुणीतरी आवडतंय आणि ती लपवतेय, हा त्यांचा निष्कर्ष. "त्या पोरीला सांग, लपवू नकोस, होऽऽऽ वाढलंय तिचं." मग सुई लिहायची, 'आमच्या आई म्हणतात...' आणि ग्रुपमध्ये हशा पिकायचा. 'आमच्या आई' हळूहळू ग्रुपच्याही आई झाल्या. घरात सासूबाई पुन्हा त्यांच्या जुन्या आवाजात बोलायला लागल्या होत्या, आणि तो आवाज, देवाची कृपा, चांगला मोठा होता.

आता गडबड कशी झाली ते ऐका. शिवणाऱ्या माणसाला एक खोड असते. शिवण चालू असताना डाव्या हाताचा अंगठा कापडावर दाबून ठेवायचा आणि शिवण संपेपर्यंत उचलायचा नाही. उचलला की कापड सरकलंच. ऑल्टरवाली फोनही तसाच वाचायची. डावा अंगठा खाली कोपऱ्यात गच्च, उजव्या बोटाने पान वर सरकवायची. वर्षानुवर्षं काही बिघडलं नव्हतं. पण त्या आठवड्यात त्या ॲपवाल्यांना काय हुक्की आली कोण जाणे, त्यांनी माइकचं बटण उचलून खाली डाव्या कोपऱ्यात आणून ठेवलं.

त्या संध्याकाळी ग्रुपवर मोठं नाट्य होतं. काजवाल्याने एका बड्या गिऱ्हाइकाच्या कोटाची सगळी काजं उलट्या बाजूला कापली होती. दोरा उसवता येतो, कापलेलं काज उसवता येत नाही. तो बिचारा हवालदिल झाला होता आणि बाकीचे त्याला धीर देत होते. ऑल्टरवाली रंगात आली. अंगठा दाबून तिने सगळा प्रसंग उभा केला. काजवाला खोल आवाजात रडला, तंबू धापा टाकत म्हणाला की त्याने एकदा अख्खा मंडप उलटा शिवला होता, लेसने गात गात उपाय सुचवला, सुईने मधाळ, बारीक आवाजात समजूत घातली, कात्रीने बजावलं की यापुढे कापण्यापूर्वी टाचणी लावावी. सासूबाईही गप्प बसल्या नव्हत्या.

"एवढा दणदणीत गडी आणि काज कापताना डोळे कुठे होते?" त्या म्हणाल्या. "आणि ही कात्री घरीसुद्धा असंच बोलत असेल, तर घरच्यांना पाणी मागायची चोरी."

"आई, पुढे व्हा जरा, पाठीला उशी देते," ऑल्टरवाली आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली. ही शिवणही संपली. तिने अंगठा उचलला.

आणि सर्रकन एक निळी पट्टी ग्रुपवर गेली.

हे काय म्हणून तिने पट्टीवर बोट ठेवलं, तर फोनमधून काजवाला बोलायला लागला. म्हणजे तीच. तिच्या तोंडचं पाणी पळालं. पुसायचं कसं ते आठवेना, आणि तेवढ्यात पट्टीखाली खुणा उमटल्या. काजवाल्याने ऐकलं. लेसने ऐकलं. तंबूने ऐकलं. कात्रीने ऐकलं. आता पुसून काय उपयोग होता?

ग्रुप शांत झाला. एरवी तिथे कुणी शिंकलं तरी चार जण 'काळजी घ्या' लिहायचे. त्या संध्याकाळी कुणी काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती मशीनवर बसायची, पाय चालायचे, डोळे फोनवर. एका गिऱ्हाइकाची पँट तिने सांगितल्यापेक्षा आखूड केली, जे तिच्या हातून कधी झालं नव्हतं. लोकांची नक्कल केली, तीही त्यांनाच ऐकवली, आणि वर कात्रीचा नियम मोडला. जगात चार माणसं आपलं ऐकत होती, ती आपण आपल्याच तोंडाने घालवली. तेही त्या आवाजाने.

संध्याकाळी सासूबाई टेकून तयार बसल्या होत्या. "वाच."

"आज कुणी काही लिहिलं नाही, आई."

"काल पण नाही, आज पण नाही? सगळे मेले का काय?"

तिला राहवलं नाही. तिने सगळं सांगून टाकलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मी बोलले ते पण गेलं?"

"गेलं."

"घरच्यांना पाणी मागायची चोरी, ते पण?"

"सगळं गेलं, आई."

सासूबाईंनी पाठीमागची उशी काढून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "म्हणजे दोघींनाही हाकललं." आणि त्यांनी अंग फिरवून तोंड भिंतीकडे केलं. ताट आणलं तर दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "बास."

ते 'बास' ऑल्टरवालीच्या काळजात रुतलं. स्वतःसाठी ती हात जोडायला गेली नसती, शेवटच्या रांगेत उभं राहायची तिला सवय होती. पण सासूबाईंना परत भिंतीकडे जाऊ द्यायचं नाही, हे तिने तिथल्या तिथे ठरवलं. तिने फोन घेतला आणि लिहिलं, 'चूक माझी आहे. आमच्या आईंना दिसत नाही. तुमचं लिहिलेलं मी त्यांना रोज वाचून दाखवते, आणि कोण बोलतंय ते कळावं म्हणून आवाज काढते. थट्टा नव्हती. तुमचे खरे आवाज मला माहीत नाहीत, मला जसे ऐकू आले तसे काढले. मला काढून टाकायचं असेल तर टाका. पण आईंना तुमची सवय झाली आहे. त्यांच्यासाठी अधूनमधून काही कळवत जा.' पाठवलं, आणि फोन पालथा ठेवून ती कांदा चिरायला बसली, म्हणजे रडण्याला कारण झालं.

फोन वाजला. लिहिलेलं नव्हतं, निळी पट्टी होती. काजवाल्याची.

तिने भीतभीत बोट ठेवलं. फोनमधून एक बारीक, चिरका, शाळकरी पोरासारखा आवाज आला. "सुईताई, मी काजवाला. माझा आवाज हा असा आहे. फोन उचलला की लोक म्हणतात, बाळ, जरा बाबांना दे. माझं वय पन्नास आहे. त्या दिवशी तुमचं ऐकलं आणि मला सुचेचना. रागावलो नव्हतो. मी ते सारखं ऐकत होतो. जो आवाज मला असायला हवा होता तो तुम्ही काढलात. आता तो परत घेऊ नका, एवढंच."

ऑल्टरवालीच्या हातातली सुरी तशीच राहिली.

"हा कोण तोतया?" आतून सासूबाई कडाडल्या.

"काजवाला, आई. खरा."

"हट्. काजवाला असा नाही बोलत. त्याला सांग, आपल्या आवाजात बोल."

मग पट्ट्यांची रांगच लागली. तंबूचा आवाज संथ निघाला, इतका संथ की एक वाक्य पुरं होईतो तिची भाजी चिरून झाली. टिंबं-स्वल्पविराम का नाहीत, तर तो एका बोटाने लिहितो आणि बोट दमतं. त्याने ते रेकॉर्डिंग कारखान्यात सगळ्या कारागिरांना ऐकवलं होतं आणि तेव्हापासून सगळे त्याच्याशी धापा टाकत बोलत होते. लेस मात्र हुबेहूब निघाली, गात गात, वाक्याच्या शेवटी वर चढणारी. तिने सांगून टाकलं की आईंचं बरोबर आहे, आवडतं कुणीतरी. सासूबाई मांडीवर थाप मारून म्हणाल्या, "सांगितलं नव्हतं?" आणि आपणहून ताट मागितलं.

कात्रीचं उत्तर सगळ्यात शेवटी आलं. आधी लिहून: 'नियम आता सर्वांनीच मोडला आहे, त्यामुळे कोणाला काढावे हा प्रश्नच उरत नाही.' ते वाचताना ऑल्टरवालीच्या घशात आपोआप मुख्याध्यापिका आली. आणि मग एक पट्टी.

तो आवाज मुख्याध्यापिकेचा नव्हता. थांबत, चाचपडत, एखाद्या शब्दाशी अडून बसत येणारा तो आवाज होता, आणि त्यातली मराठी परक्या मुलखात वाढलेली होती. "मी दुसऱ्या देशात जन्मले," ती म्हणाली. "घरी कुणी मराठी बोलायचं नाही. मी पुस्तकं वाचून शिकले. लिहिते तेव्हा कुणी हसत नाही. बोलले की माणसं हसतात, नाहीतर दुसऱ्या भाषेत उत्तर देतात. म्हणून तो नियम केला. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. सुई, तुमच्या घशातून मी इतकं छान बोलत होते, की मी आता तसं बोलायचा सराव करते आहे."

ऑल्टरवालीला वाटलं, म्हणजे दुसरीसुद्धा कुणी इतकी वर्षं ओठच हलवत होती, आणि आपण तिच्याच आडोशाला उभ्या होतो.

"हिचा हाच ठेव," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या त्या मास्तरणीपेक्षा ही बरी. हिला सांग, सराव-बिराव करू नकोस. मी सावकाश ऐकते."

तिने ते शब्दशः लिहून पाठवलं. कात्रीने उत्तरादाखल नियमच बदलला. ग्रुपच्या पाटीवर आता असं होतं: 'लिहा किंवा बोला.'

तेवढ्यात काजवाल्याने विचारलं, "सुईताई, सगळ्यांचे झाले. त्यात तुमचा कोणता?"

आता आली का पंचाईत. लेस म्हणाली, "तो गोऽऽड बारीक, दुसरा कुठला?" तंबूने आपल्या संथ आवाजात वेगळंच सांगितलं. "नाही. शेवटी एक आवाज आहे. 'आई, पुढे व्हा जरा, पाठीला उशी देते.' तो जाडाभरडा. तो कुणाची नक्कल करत नाही. मला वाटतं, तो."

ऑल्टरवाली फोनकडे बघत राहिली. लिहून टाकणं सोपं होतं. 'ओळखा पाहू' लिहिलं असतं, एक हसरा चेहरा टाकला असता, विषय संपला असता. मधाळ आवाजात बोलून दाखवलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. समोर चार माणसं आपापला चिरका, संथ, अडखळता गळा उघडा टाकून बसली होती.

तिने डावा अंगठा खाली कोपऱ्यात ठेवला आणि गच्च दाबला.

"तंबूभाऊंनी बरोबर ओळखलं," ती म्हणाली. "हाच. शाळेत मला म्हणाले होते, तू नुसते ओठ हलव." मग तिला पुढचं सुचलं, आणि त्याच्या पुढचं. शेवटची रांग सांगितली, खडूने रेघा ओढून चालवलेलं दुकान सांगितलं, पोट सुटलेलं गिऱ्हाईक आरशाला कसा दोष देतं ते त्या गिऱ्हाइकाच्या आवाजात सांगितलं आणि सासूबाई आत खिदळायला लागल्या. आखूड झालेल्या पँटीचं काय करावं ते विचारलं आणि कुणी उत्तर द्यायच्या आत आपणच उपाय सांगितला. आवाज चढत गेला. तो भसाडाच होता. पण मोकळा सुटल्यावर त्याला असं काही वजन आलं की मशीनवरच्या डब्यातल्या टाचण्या बारीक किणकिणल्या. अंगठा तिने उचलला नाही.

नवरा गाडी लावून गल्लीत शिरला तेव्हा त्याला कोपऱ्यापासूनच घरातलं बोलणं ऐकू आलं. आपल्याकडे पाहुणे आले असावेत असं वाटून त्याने शर्ट नीट केला, केसांवरून हात फिरवला. दारात येऊन बघतो तर पाहुणे कुठेच नाहीत.

"कोण आलंय?" त्याने आईला विचारलं.

"कुणी नाही," सासूबाई म्हणाल्या. "तुझी बायको बोलतेय."